घरच्यानं दुकान टाकलंय? मग आपण नेमकं काय करायचं

माझ्या धाकट्या बहिणीनं 2021 च्या दिवाळीत लातूरला औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत चटण्या, पापड, शेवया, कुरडयांचं छोटं दुकान टाकलं. दहा बाय बाराचा गाळा, एक वजनकाटा, पाऊच सील करायचं एक मशीन आणि मागच्या बाजूला कांडपाला दोन बाया. उद्घाटनाला दीडशे माणूस आलं, सगळे पाहुणे-रावळे, नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले, सगळ्यांच्या स्टेटसला दुकान. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत चार गिऱ्हाईकं आली आणि त्या चौघात ओळखीचं एकही नव्हतं. त्या रात्री ती मला फोनवर एवढंच म्हणली, "अक्का, काल सगळे आले होते ना गं?"

मला तेव्हा काय बोलावं कळलं नाही, कारण मी पण गेले नव्हते. मला वाटलं काल दिवसभर राबले, झालं आपलं काम. तर ज्यांच्या घरात कुणी नवीन धंदा टाकलाय, भाऊ असेल, सून असेल, मैतर असेल, आणि ज्यांना मनापासून वाटतंय की आपण काहीतरी करावं पण नेमकं काय ते कळंना, त्यांच्यासाठी हे लिहायलेय. मागच्या काही वर्षात आमच्या घरानं जे चुकून चुकून शिकलंय ते सगळं सांगते, क्रमानं.

पहिली पायरी: दुसऱ्या दिवशी जा, आणि पैसे देऊन घ्या

उद्घाटनाला नाही जमलं तरी चालतंय, खरंच चालतंय. पण पहिल्या पंधरा दिवसात दोन-तीन वेळा जा, घरात जे लागतंच ते घ्या आणि छापील भावानं पैसे द्या. सकाळी सकाळी गेलात तर अजून चांगलं, भवानी होते, म्हणजे दिवसाची पहिली विक्री. दुकानदाराला भवानी लवकर झाली की दिवसभर हुरूप राहतो, हे दुकानात बसल्याशिवाय नाही कळत.

इथं एक अडचण असते, ती आधीच सांगते. घरचं माणूस पैसे मागूच शकत नाही. तुम्ही विचारलं "किती झाले?" की ती म्हणणार "राहू द्या हो काकू, घरचंच आहे", मग तुम्ही दोनदा आग्रह करणार, ती दोनदा नको म्हणणार, आणि शेवटी पाकीट पिशवीत अन् पैसे तुमच्याच पर्समध्ये. म्हणून विचारायचंच नाही. पाकिटावर भाव लिहिलेला असतो, समोर स्कॅनर लावलेला असतो, आधी पैसे टाकायचे आणि मग पाकीट उचलायचं. स्पीकरवर रक्कम बोलली जाते, विषय संपतो.

आणि "घरच्यासाठी काही कमी?" हे तर अजिबात नको. का नको ते हिशेबानं सांगते, कारण मला पण हा हिशेब बहिणीनं वहीत मांडून दाखवला तेव्हाच कळलं. तिचं शेंगदाणा चटणीचं 200 ग्रॅमचं पाकीट तेव्हा 80 रुपयाला होतं. त्यात शेंगदाणे, भाजून, साल काढून, घट धरून 30 रुपये. लसूण, तिखट, मीठ, जिरं मिळून 10. पाऊच आणि लेबल 6. कांडणाऱ्या बाईची मजुरी 8. लाईट-गॅस 4. झाले 58, उरले 22. आता त्या 22 मधूनच गाळ्याचं भाडं जायचंय, ते महिन्याला 5,500, म्हणजे नुसतं भाडं निघायला 250 पाकिटं विकावी लागतात आणि तोपर्यंत तिच्या स्वतःच्या हाताला एक रुपया नाही. तुम्ही प्रेमानं 10 रुपये कमी करून घेतले की तुम्ही 80 मधले 10 नाही घेतले, 22 मधले 10 घेतले.

उधारी, याच्यावर जरा सविस्तर

आपल्या मराठवाड्यात धंद्याचं कॅलेंडर पगाराच्या तारखेवर चालत नाही, पिकावर चालतं. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, दिवाळीच्या आगेमागे हातात पैसा येतो, मग जानेवारी-फेब्रुवारीत तूर, हरभरा, मग लग्नसराई. जून लागला की सगळा पैसा बियाणं, खत, पेरणीत जातो आणि तिथून सोयाबीन निघेपर्यंत गावातलं प्रत्येक दुकान उधारीवर चालतं. "सोयाबीन निघालं की देतो बघ" हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक दुकानदारानं हजार वेळा ऐकलेलं असतंय. आणि शेतकऱ्याचं ते खरं असतं, त्याच्याकडं खरंच नसतात. पाऊस उशिरा आला किंवा ऐन काढणीत झोडपून गेला की ती उधारी पुढच्या वर्षावर जाते. दुकानदार हे समजून उमजून देतो, कारण गिऱ्हाईक वर्षानुवर्षाचं असतं.

पण आपण पाहुणे आहोत, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पगार महिन्याला होतो. आपण उधारी का करतो? केवळ मागायला कुणी येणार नाही म्हणून. हे कडू वाटेल पण असंच आहे.

बहिणीच्या वहीत एक पान होतं, वर लाल पेननं लिहिलेलं "घरचे". पहिल्या मार्चमध्ये उन्हाळ्याच्या कामाला उडीद डाळ भरायची होती आणि पैसे कमी पडायलेत म्हणून ती वही घेऊन बसली होती. मी शेजारी होते. त्या पानावर सात नावं होती आणि बेरीज 7,860. त्यात तिसरं नाव माझं, 1,140 रुपये. मी कधी पाव किलो कारळाची चटणी नेली, कधी मुलाच्या डब्याला पापड नेले, कधी ऑफिसात वाटायला चार पाकिटं, आणि दरवेळी "लिहून ठेव गं" म्हणून निघाले. तिनं ते पान माझ्यापुढं केलं नाही, उलट मी बघितलं म्हणून हातानं झाकलं. तिचं ते झाकणं मला अजून आठवतं. मी तिथंच पैसे टाकले आणि घरी येऊन बाकीच्या सहा जणांना एकेक फोन केला, तिच्या नावानं नाही, माझ्या नावानं: "माझं राहिलं होतं, मी आज दिलं, तुमचं पण बघा." चार दिवसात पाच जणांनी दिले.

तर करायचं काय:

तुमच्या नावाचं पान असेल तर आजच मिटवा, आणि लक्ष्मीपूजनाला वही पूजेला लागायच्या आत तरी मिटवाच मिटवा. घरातल्या एकानं, शक्यतो ज्याचं नात्यात वजन आहे त्यानं, बाकीच्यांना सांगायची जबाबदारी घ्या, मालकाला ते जमणार नाही. बाहेरची उधारी वसूल करायला सोबत जा. आमचे हे, म्हणजे बहिणीचे दाजी, दर दिवाळीच्या आधी दोन रविवार तिच्यासोबत गाडीवर औसा, निलंगा भागातल्या खेड्यात जातात जिथल्या किराणा दुकानात ती माल टाकते. एकटी बाई गेली की "पुढच्या आठवड्यात या ताई" ऐकून परत येते, सोबत गावात ओळख असलेलं माणूस असलं की चहा पण मिळतो आणि पैसे पण. भांडायचं नाही, नुसतं सोबत बसायचं. आणि एक मर्यादा ठरवायला मदत करा, कुणालाही अमुक रकमेच्या पुढं उधारी नाही, ती रक्कम पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्याच्या मागं लावा, म्हणजे नाही म्हणायचं काम पुठ्ठा करतो.

पैसे द्यायचे असतील तर

बहुतेक जण मदत म्हणलं की पहिल्यांदा हेच मनात आणतात. देत असाल तर फार चांगलं, पण द्यायच्या आधी स्वतःला एक विचारा: हे देणगी आहे, हातउसने आहेत, का भागी आहे? तिन्ही चालतात. घोटाळा तेव्हाच होतो जेव्हा देणाऱ्याच्या मनात एक असतं आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरं.

आमच्या मावसभावानं बहिणीला 40,000 दिले होते, घरी येऊन, पाकिटात घालून, आईच्या समोर. कुणी काही बोललं नाही, लिहिणं तर लांबच, उलट लिहू म्हणलं असतं तर त्याला राग आला असता. सहा महिन्यानं तो दुकानात येऊन गल्ल्यावर बसायला लागला, येणाऱ्या जाणाऱ्याला "आपलं दुकान" म्हणायला लागला, कांडपाच्या बायांना कामं सांगायला लागला. तो वाईट माणूस नाही, त्याला मनापासून वाटायचं की तो भागीदार आहे. बहिणीला वाटायचं हातउसने आहेत, सोयाबीनच्या हंगामात फेडायचे. तीन महिने दोघं एकमेकाशी नीट बोलत नव्हते. शेवटी मामांनी दोघांना बसवलं, साध्या कागदावर लिहिलं, 5,000 चे आठ हप्ते, खात्यावरून. ते फिटले आणि आता राखीला तो येतो. हाच कागद पहिल्या दिवशी झाला असता तर ते तीन महिने गेलेच नसते.

त्या कागदावर काय असावं: कुणी दिले, कुणाला, किती, कधी, व्याज आहे का नाही, परत कसे आणि कोणत्या महिन्यापासून. दोघांच्या सह्या, एका वडीलधाऱ्याची सही, दोघांच्या मोबाईलमध्ये फोटो. हप्ता जून-जुलैपासून सुरू करू नका, त्या महिन्यात गावात पैसाच नसतो, दिवाळीपासून धरा. आणि 20,000 किंवा त्याच्या पुढची रक्कम उसनी देताना रोख देऊ नका, आयकराच्या कायद्यात तसं चालत नाही, घेणाऱ्याला दंड बसू शकतो आणि फेडताना पण तेच. खात्यावरून टाका, नोंद राहते, उद्या कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

जे पैसे तुम्हाला पेरणीला, पोरीच्या फीला, ऑपरेशनला लागणारेत ते देऊ नका. असे पैसे दिले की तुम्ही दर आठवड्याला दुकानाकडं वेगळ्याच नजरेनं बघता आणि समोरच्याला ते जाणवतं.

तुमच्याकडं पैसे नसतील तर त्याहून मोठं काम करता येतं, ते म्हणजे बँकेत सोबत जा. नवीन माणूस बँकेला घाबरतो, एकदा "साहेब नाहीत, उद्या या" ऐकलं की परत जात नाही, आणि मग सरळ खाजगी सावकाराकडं जातो. शेकडा पाच म्हणजे 50,000 ला महिन्याला 2,500, वर्षाला 30,000 नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. परवाना नसताना सावकारी करणं हा आपल्या राज्यात 2014 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी पण माणूस तिथं जातो कारण तिथं कागद लागत नाहीत. म्हणून कागद आपण गोळा करून द्यायचे. मुद्रा योजना 2015 पासून आहे, त्यात शिशु गटात 50,000 पर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज असतं आणि काही गहाण ठेवावं लागत नाही. शहरात गाडा, टपरी, फूटपाथवर बसणाऱ्यासाठी पीएम स्वनिधी आहे, 2020 ला आली तेव्हा पहिलं कर्ज 10,000 होतं, 2025 मध्ये ते 15,000 केलंय, वेळेवर फेडलं की पुढचं मोठं मिळतं. यातल्या कशालाही एजंट लागत नाही. "मी काम करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा भेटला की तिथंच नमस्कार करा.

जामीन राहायला बोलावलं तर लाजेखातर सही करू नका. जामीन म्हणजे साक्षीदार नाही. त्यानं नाही भरलं तर तुम्ही भरायचं, एवढं समजून, घरी बायकोला किंवा नवऱ्याला विचारून मगच सही.

हात आणि वेळ

"काही लागलं तर सांग बरं का." हे आपण सगळे म्हणतो आणि समोरचा कधीच सांगत नाही. त्याच्या ऐवजी दिवस आणि वेळ द्या. मी बहिणीला सांगितलं, दर शनिवारी 4 ते 8 मी दुकानात बसणार, तू घरी जा, झोप, पोरांना घेऊन कुठं जायचं तिकडं जा. वर्षभर केलं. चार तास म्हणजे काही फार नाही, पण तिला ते आधीपासून माहीत असायचं म्हणून ती डॉक्टरची वेळ, शाळेची मीटिंग, सगळं शनिवारवर ढकलायची.

आपल्याकडं शेतात इर्जिक असते ना, एखाद्याचं काम अडलं की सगळे आपापली बैलं, अवजारं घेऊन एका दिवसात उरकून देतात आणि तो सगळ्यांना जेवण घालतो. आणि सावड असते, आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. या दोन्ही गोष्टी धंद्यात फार कामाच्या आहेत पण त्यांची जागा वेगळी आहे. मोठी ऑर्डर आली, एका लग्नाच्या रुखवताला आणि आहेराला मिळून 300 पाकिटं, तेव्हा आम्ही इर्जिकच केली, आत्या, दोन वहिन्या, शेजारची पोरं, रात्री दोनपर्यंत लेबल चिकटवलेत, मग पिठलं-भाकरी. पण रोजचं काम इर्जिकीवर चालवायला लागलात तर महिनाभरात माणसं टाळायला लागतात. रोजच्या कामाला मजुरी, मग ती सख्खी नणंद का असेना. उन्हाळ्यात मार्च ते मे पापड लाटायला बहिणीच्या दोन चुलत जावा येतात, त्यांना ती किलोवर मजुरी देते, बाहेरच्या बायांना देते तीच. सुरुवातीला त्या घेत नव्हत्या. घ्यायला लावली आणि तेव्हापासून त्या वेळेवर येतात.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. धंदा बाईचा असेल तर तिला सगळ्यात मोठी मदत दुकानात नाही, घरात लागते. सकाळच्या भाकरी कोण करणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, पोराला ट्यूशनला कोण सोडणार, रात्री आठला शटर ओढून आल्यावर परत पोळपाट तिच्याच पुढं येणार असेल तर ती दोन वर्षात थकून जाते आणि लोक म्हणतात "तिला नाही जमलं". माझ्या बहिणीचे मिस्टर पहिल्या वर्षी "मी आडवा आलो नाही" म्हणायचे. आडवं न येणं ही मदत झाली का? एक दिवस त्यांच्या आईनंच, माझ्या बहिणीच्या सासूनं, सांगितलं की संध्याकाळचा स्वयंपाक आता मी आणि तू करायचा. ते खिचडीपासून सुरू झाले, आता त्यांच्या भाकरी पण फुगतात. दुकान टिकलं त्यात त्या खिचडीचा वाटा फार मोठा आहे, मी हे सगळ्यांना सांगते.

कागदं आणि मोबाईल

हे काम घरातल्या कॉलेजच्या पोरा-पोरींना द्या, त्यांना एका दुपारचं आहे आणि मालकाला महिनाभर जमत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून द्या, 1 जुलै 2020 पासून ती आधारवर ऑनलाईन होते आणि फुकट आहे, सरकारी साइटवरच करा, पैसे मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या साइट लै आहेत. खाण्याचा धंदा असेल तर फूड लायसन्स किंवा नोंदणी, तिचा 14 अंकी नंबर पाकिटावर यायला पाहिजे. पाकिटावर अजून काय पाहिजे ते घरातल्या कुणीतरी एकदा नीट बसून बघा: मालाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, सगळे कर धरून किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर, त्यात काय काय घातलंय ते आणि किती दिवस टिकेल. बहिणीच्या पहिल्या लेबलवर छान कमळ होतं पण वजनच नव्हतं. दोन हजार लेबलं वाया गेली. छापायला टाकायच्या आधी दोन घरच्यांनी वाचलं असतं तर वाचली असती.

वजनकाट्यावर वैधमापनाचा, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याचा, शिक्का आहे का ते बघा. गूगल मॅपवर दुकान टाका, वेळ आणि फोन बरोबर टाका, शटरचा फोटो टाका कारण गल्लीतलं दुकान माणसाला फोटोवरून सापडतं. पासवर्ड मालकाकडं ठेवा, तुमच्याकडं नको. पुण्याला नोकरीला गेलेल्या भाच्याच्या मेलवर सगळं अडकलं की मग ओटीपीसाठी फोनवर फोन.

चार लोकांना सांगायचं ते कसं

"माझ्या बहिणीचं दुकान आहे, घ्या ना तिच्याकडून" असं सांगू नका. समोरच्याला वाटतं उपकार करायला सांगायलेत. त्याच्या ऐवजी जे खरं आहे ते सांगा: "उखळात कांडलेली शेंगदाण्याची चटणी आहे, मिक्सरची नाही, 200 ग्रॅम 80 ला, औसा रोडच्या आत, रात्री आठपर्यंत चालू." माणूस त्यावर स्वतः ठरवतो. लातूरला ट्यूशनसाठी सगळ्या मराठवाड्यातून पोरं येऊन राहतात, मेसच्या भाजीला कंटाळलेली असतात, आमच्या बहिणीचं निम्मं गिऱ्हाईक तेच आहे, आणि ते आलं माझ्या मैत्रिणीमुळं जिच्या वरच्या मजल्यावर आठ पोरी भाड्यानं राहतात. तिनं एक पाकीट विकत घेतलं, फोडलं आणि त्यांच्या ताटात एकेक चमचा वाढलं. बाकी काही बोलली नाही.

मग पुणे. आपल्याकडच्या प्रत्येक घराचं कुणी ना कुणी पुण्यात आहेच. वाकडला असलेल्या चुलतभावानं त्याच्या सोसायटीतल्या ऑर्डरी गोळा करायला सुरुवात केली, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत बॉक्स टाकला की सकाळी तिकडं. यात दोन गोष्टी शिकलो. एक, पैसे आधी. चुलतभावानं ते काम स्वतःकडं घेतलं, पैसे आल्याशिवाय तो नाव यादीत लिहीतच नाही, त्यामुळं बहिणीला अनोळखी माणसाकडं मागायची वेळ येत नाही. दोन, मालकाला न विचारता शब्द देऊ नका. त्यानं एकदा "शुक्रवारी कुरडया नक्की" सांगून टाकलं, इकडं तीन दिवस ढगाळ वातावरण, कुरडया वाळल्याच नाहीत, आणि बहिणीनं अर्ध्या ओल्या पाठवल्या नाहीत हे बरं केलं, पण नऊ लोकांना माफी मागायचे फोन तिलाच करावे लागले.

स्टेटस आठवड्यातून एकदा पुरे. प्रत्येक ग्रुपवर रोज टाकलं की लोक म्यूट करतात. आणि न वापरता पाच स्टार देऊ नका, घरच्या दहा जणांनी एकाच दिवशी "खूप छान" लिहिलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं.

चुकतंय ते सांगा, पण दुकानात नाही

घरचे दोनच गोष्टी करतात, एकतर सगळंच छान म्हणतात किंवा गिऱ्हाईकासमोर म्हणतात "यात मीठ जास्त झालंय गं". दोन्ही नको. रात्री शटर पडल्यावर पाकीट घेऊन बसा आणि दाखवा. पुण्याला गेलेल्या पहिल्या बॉक्समध्ये जवसाच्या चटणीला तेल सुटून एकाच्या कपड्याला लागलं होतं, चुलतभावानं ते पाकीट धुऊन, फुंकून बघून, नेमकं कुठल्या कोपऱ्यात सील उघडलंय त्याचा व्हिडिओ पाठवला. त्याच आठवड्यात जाड पाऊच आले. तक्रार अशी करावी.

धंदा कसा चाललाय हे चारचौघात, लग्नात, बारशाला विचारू नका. विचारायचं असेल तर एकट्यात, आणि उत्तर ऐकायला वेळ असेल तेव्हा.

वाईट दिवसात

2016 चा उन्हाळा लातूरकराला विसरणं शक्य नाही, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो एप्रिल. तेव्हा आमच्या गल्लीत एक काकू पोरांची मेस चालवायच्या. टँकर विकत घेऊन डबे परवडेनात, बंद करायला निघाल्या होत्या. गल्लीत ज्या दोन घरांच्या बोअरला थोडं पाणी होतं त्यांनी रोज चार-चार घागरी दिल्या, आणि जेवणाऱ्या पोरांनी ठरवलं की पत्रावळीवर जेवायचं, ताटं धुवायची नाहीत. पाऊस येईपर्यंत मेस चालली. काकूंना कुणी पैसे दिले नाहीत. जे कमी होतं तेच दिलं.

म्हणून धंदा अडचणीत दिसला की आधी विचारा नेमकं काय कमी पडतंय. माल आहे पण गिऱ्हाईक नाही, का गिऱ्हाईक आहे पण भांडवल अडकलंय, का अंगात ताकदच राहिली नाही. तिन्हीचं औषध वेगळं. आणि "मी तेव्हाच म्हणलं होतं, नोकरी बघ" हे तोंडातून काढू नका, ते त्यानं स्वतः रात्री शंभरदा म्हणून झालेलं असतं.

बंद करायची वेळ आली तर

हे पण लिहायला पाहिजे, कारण तेव्हा सगळे गायब होतात. माझ्या मैत्रिणीचं ब्लाऊज शिवायचं दुकान दीड वर्षात बंद झालं, तिला शेवटच्या महिन्यात जी माणसं लागली ती उद्घाटनाच्या दहा टक्के पण नव्हती. तेव्हा करायची कामं अशी. गिऱ्हाईकांचे कापड आणि ॲडव्हान्स आधी परत करायला मदत करा, उद्या तिनं परत काही सुरू केलं तर हेच लोक येणारेत. मशीन घाईत भंगारच्या भावात जाऊ देऊ नका, चार ठिकाणी विचारा. व्यापाऱ्याची देणी किती, येणी किती, दोन रकान्यात लिहून काढा, आणि येण्याच्या यादीतली पाहुण्यांची नावं तुम्ही स्वतः फोनवर घ्या. बँकेचा हप्ता चुकायच्या आधी मॅनेजरला भेटायला सोबत जा, चुकल्यावर नाही. लाईटचं मीटर, लायसन्स, स्कॅनर बंद करायचे अर्ज भरून द्या. आणि गाळ्याचं डिपॉझिट मागायला एकटीला पाठवू नका, मालक "रंग द्यायचाय, फरशी फुटलीय" म्हणून कापायला बघतो, तेव्हा भाडेकरार हातात घेऊन शांतपणे बोलणारं एक वडीलधारं माणूस शेजारच्या खुर्चीवर पाहिजे.